मोठ्यानं बोलायची अट

मला जेल झाली असती तर मी ती भोगून मोकळा झालो असतो. ते व्हायचं नव्हतं. तालुक्याच्या कोर्टानं मला माफ केलं, आणि त्या माफीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तेव्हा मी बैलांचा व्यापार करायचो. वडिलांची मेंढरं होती. त्यांच्या मागं हिंडण्यात मला रस नव्हता. एका खोंडापासून सुरुवात केली आणि तिशीच्या आत आष्टीच्या बाजारात माझी स्वतःची दावण लागली. त्यात कुणाची शिफारस नव्हती, कुणाचा हात पाठीवर नव्हता.

बैलाचा भाव आमच्याकडं तोंडानं बोलत नसत. घेणारा आणि देणारा उपरण्याखाली एकमेकांचा हात धरायचे आणि बोटांनी भाव करायचे. तोंडानं दोघंही तुरीच्या पिकाचं, सोयरिकीचं काहीतरी बोलत असायचे. भोवती उभे असलेले त्यांच्या तोंडाकडं पाहून अंदाज बांधायचे आणि बहुतेक चुकायचे. शेवटी देणाऱ्यानं अख्खा पंजा दाबला की सौदा झाला. मग तो मोडायचा नाही.

शेजारच्या गावचा एक म्हातारा व्यापारी होता. सगळे त्याला आबा म्हणायचे, मीही म्हणायचो. त्याच्या पांढऱ्या जोडीचा भाव मी उपरण्याखाली केला. त्यानं पंजा दाबला. मी कासरे आणायला माझ्या दावणीकडं गेलो आणि परत येतो तर आबाचा हात दुसऱ्याच्या उपरण्याखाली.

"आबा, पंजा दाबला का न्हाई तुम्ही?"

"मी कुठं दाबला? खाज आल्ती हाताला."

माझ्या हातात चाबूक होता. त्याचा दांडा बसला आणि ज्या हाताला खाज आली होती त्याच हाताचं मनगट मोडलं. मी नेम धरून मारलं नव्हतं, पण हे कुणालाच पटलं नाही.

न्यायाधीश तरुण होते, कोकणाकडचे. बैलबाजार त्यांनी पाहिलेला नव्हता. उपरण्याखालचा भाव म्हणजे काय, हे त्यांनी कोर्टातच करून दाखवायला लावलं. उपरणं नव्हतं, म्हणून माझ्या वकिलानं अंगातला काळा कोट काढून माझ्या आणि आबाच्या धड हातावर घातला. साहेबांनी पुढं वाकून त्या कोटाकडं पाहिलं.

"म्हणजे काय ठरलं ते या दोघांशिवाय कुणालाच कळत नाही?"

"न्हाई साहेब," मी म्हणालो. "त्याच्यासाठीच तर असतंय ते."

वकिलानं माझ्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता.

निकाल असा लागला. मारलं हे सिद्ध झालं. पहिलाच गुन्हा असल्यामुळं जेल नाही. एक वर्षाचा चांगल्या वर्तणुकीचा बाँड, आणि त्यात एक अट. वर्षभर मी जो काही सौदा करीन, त्याचा भाव भोवतीच्या लोकांना ऐकू जाईल असा मोठ्यानं बोलायचा. उपरण्याखाली हात घालायचा नाही. घातला किंवा कुणावर उचलला, तर जेल. पंजा दाबला होता की नव्हता, यावर निकालात एक अक्षर नव्हतं.

"साहेब," मी म्हणालो, "त्यापेक्षा जेलच द्या. थोडी कमी करून द्या."

"इथं भाव होत नाही," साहेब म्हणाले.

पुढच्या बाजारापासून मी बोलू लागलो. जोडी पाहायची, दात पाहायचे, आणि सगळ्यांसमोर भाव सांगायचा. लोक बैल सोडून मला पाहायला येऊ लागले. आबा गळ्यात हात बांधून माझ्या शेजारीच उभा राहायचा.

"जरा हळू बोला, दाजी," तो म्हणायचा. "तिकडं परतूरला ऐकू जाऊन राह्यलं."

मी भाव बोललो की आबाचा धड हात बैलवाल्याच्या उपरण्याखाली जायचा. माझ्यापेक्षा थोडं जास्त सांगून तो जोडी घेऊन जायचा. बैल पारखायची मेहनत माझी, जोडी त्याची. असे बाजारामागून बाजार गेले. माझी दावण रिकामी पडली.

"वैरण येऊन पडलीय," बायको म्हणाली. "दावणीला बैल न्हाई. कुणाला घालू, तुम्हाला?"

मी आबाचं नाव घेऊन उठलो, तेव्हा तिनं चाबूक ज्वारीच्या कणगीत टाकला आणि वर झाकण ठेवून त्यावर बसली. वर्ष असंच गेलं तर धंदा उठणार होता. हात उचलला तर मी उठणार होतो.

मग एका बाजारात मला एक ओळखीचा बैल दिसला. रंगानं, शिंगानं देखणा, पण जुवाखाली मान दिली की बसकण मारायचा. मीच तो एकदा विकला होता. आता तो लांबच्या एका शेतकऱ्याकडं होता आणि त्यानं त्याला चांगल्या बैलाबरोबर जोडी लावून आणलं होतं. मी दोन्ही बैलांभोवती फिरलो, पाठीवरून हात फिरवला आणि त्या वर्षात बाजारानं ऐकला नव्हता असा भाव बोललो. आबानं बैलाकडं पाहिलंसुद्धा नाही. माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि उपरण्याखाली हात घातला.

बैल आबाच्या शेतात बसला. आबा कोर्टात गेला.

"एवढा भाव का बोललात?" साहेबांनी विचारलं.

"मोठ्यानं बोलायची अट होती साहेब. मी बोललो."

"तो बैल बसतो, हे तुम्हाला माहीत होतं?"

"मीच विकला होता."

या वेळी वकिलानं पाय दिला नाही, नुसते डोळे मिटले. साहेबांनी जेलमध्ये टाकलं नाही. त्यांनी अट वाढवली. राहिलेल्या महिन्यांत घेताना असो की विकताना, भाव बोलायच्या आधी त्या जनावराची मला माहीत असलेली खोड मोठ्यानं सांगायची.

व्यापाऱ्याला अशी अट म्हणजे दुकानदारानं आपल्याच दुकानाला बाहेरून कुलूप घालण्यासारखं. पण पडलेली वैरण संपवायला मी मधे आबानं नको म्हटलेला एक बैल घेतला होता, तो विकणं भाग होतं. मी त्याला आष्टीला नेलं. गर्दी जमली. आबा पुढंच होता.

"डाव्या अंगाला जुंपला तर हा हलत न्हाई," मी ओरडलो.

"आन आयुष्य किती ऱ्हायलंय ते बी सांगून टाका, दाजी," आबा म्हणाला. लोक हसले.

मागून एक शेतकरी पुढं आला. "उजव्या अंगाला कसा चालतो, भाऊ?"

"बराबर चालतो."

"माझा घरचा नुसता डाव्याच अंगाला चालतो. मला उजवाच पाह्यजे."

त्यानं सवयीनं खांद्यावरचं उपरणं काढलं आणि हात पुढं केला. माझा हात निम्म्यापर्यंत गेला होता. तो मागं घेऊन मी भाव बोललो.

"एवढं मोठ्यानं कशाला? बहिरा न्हाई मी."

"कोर्टाचा हुकूम हाय."

"मंग कोर्टालाच म्हणा, थोडं कमी करा."

आम्ही भर बाजारात, तोंडानं, एकेक पायरी भाव केला. माझा घसा बसला. शेवटी मी थोडं कमी केलं, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं. शेतकरी बैल घेऊन गेला तरी गर्दी हलेना. एकानं आबाला बाजूला सारलं आणि दुसऱ्याच्या दावणीचा एक बैल माझ्यासमोर आणून उभा केला.

"हा मला आज घ्यायचाय," तो म्हणाला. "याची खोड सांगा, सगळ्यांसमोर."

मी आधी दात पाहिले.