आपली आपण ओतायची नाही

आमच्या साडूसारखी जीभ अख्ख्या नागपुरात दुसऱ्या कोणाच्या तोंडात नाही. हे मी लिहितोय खरं, पण लिहिताना माझ्या पोटात दुखतंय. कारण तो जावई होऊन येईपर्यंत सासुरवाडीत जिभेचा मान माझा होता. सासरे उमरेडचे, हातमागावर आयुष्य काढलेले. माग गेला, पण रविवारचं सावजी मटण काही गेलं नाही. रस्सा उकळला की अकरा वर्षं पहिली पळी माझ्या वाटीत पडायची आणि सासरे विचारायचे, "पाहा बरं जवाईबापू, काय कमी आहे?" मी डोळे मिटून म्हणायचो, "मीठ." दर वेळी मीठच म्हणायचो. पण त्या घरात माझ्या मिठाला वजन होतं.

मग धाकट्या मेहुणीचं लग्न झालं. हा साडू बुटीबोरीच्या एका कारखान्यात इंजिनिअर. कंपनीने त्याला चार महिने जपानला शिकायला धाडलं. लोक परदेशातून घड्याळं आणतात, चॉकलेटं आणतात. हा बॅगभर साके घेऊन आला, आणि सोबत तिचं शास्त्र. साके म्हणजे तांदळाची दारू, हे मला अर्ध्या मिनिटात कळलं होतं. त्याला ते सांगायला दीड तास लागला. तांदूळ किती घासायचा, थंड कधी प्यायची, कोमट कधी, कुठल्या घासाला कुठली, सगळं त्याला पाठ. अंगठ्याएवढ्या मातीच्या वाटीतून घोट घ्यायचा, गालात फिरवायचा, छताकडे बघायचा आणि म्हणायचा, "आधी नाशपाती लागते भाऊजी, मंग ओला भात." मला खोकल्याचं औषध लागलं. मी म्हटलं, मीठ कमी आहे. कोणी हसलंसुद्धा नाही.

एकदा साके कोमट करायची म्हणून त्याने गरम पाण्याच्या पातेल्यात बाटली उभी केली आणि घरातला तापाचा थर्मामीटर तिच्या तोंडात सोडला. सासूबाई घाबऱ्याघुबऱ्या आल्या. "कोणाले ताप आला जी?" हा बाटलीकडे बोट दाखवून म्हणतो, "हिले. एकशे चार झाला का उतरवतो." सासऱ्यांना ऐकू कमी येतं, त्यांनी साकेचं 'सखे' करून टाकलं. जन्मभर बायकोला 'अवं'वर भागवलेला माणूस बैठकीतून ओरडायचा, "सखे आण न अजून!" आणि सासूबाई स्वयंपाकघरातून पदर सावरत बाहेर यायच्या. सगळं घर खूश. मी तेवढा जळून कोळसा.

"पाटोडीच्या रश्श्याले दुधाळ, गोड साके पाहिजे," तो म्हणायचा. "तिखट तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपते." हे वाक्य माझ्या बायकोने प्रताप नगरात चार घरी सांगितलं. माझं एक वाक्य तिने कधी शेजारी नेलेलं नाही. आणि एका रविवारी ती पहिली पळी त्याच्या वाटीत पडली. त्याने चाखलं, छताकडे बघितलं आणि म्हणाला, "मामाजी, मीठ बरोबर आहे."

बस्स. त्या दिवशी मी सूड घ्यायचं ठरवलं. साकेचा एक नियम त्यानेच शिकवला होता: आपली वाटी आपण भरायची नाही. आपण समोरच्याची भरायची, आपली तो भरतो. जेवणाआधी आम्ही दोघंच बसलो होतो. त्याची वाटी रिकामी झाली. मी पंख्याकडे बघत बसलो. त्याने माझी चार वेळा भरली. बाटली त्याच्याच हाताशी होती, पण गड्याने स्वतःसाठी थेंब ओतला नाही. रिकाम्या वाटीच्या काठावरून बोट फिरवत मला कोथिंबिरीच्या सांबारवडीचं वर्णन ऐकवत राहिला. शेवटी मलाच राहवेना.

"काहून गा, तू घेत काहून नाही?"

"तुम्ही ओतली नाही न, भाऊजी." तक्रार नव्हती, नुसतं सांगणं होतं. मग म्हणाला, "तिकडे पहिल्याच आठवड्यात एक बाटली घेतली होती मी. दुकानवाला म्हातारा चांगला होता, रोज चमचा चमचा चाखवे, चवी शिकवे. पण खोलीत मी एकटा. ओतणार कोण? चार महिने बाटली खिडकीत तशीच राहिली. तीच तर इथं आणून सगळ्यात आधी उघडली. माही पहिली वाटी तुम्हीच भरली होती."

आणि मी तिला मनात खोकल्याचं औषध म्हटलं होतं. मला माझीच लाज वाटली. बाटली उचलली आणि त्याच्याकडे बघत ओतली, तर साके वाटीबाहेर गेली. "सांडू द्या जी," तो म्हणाला. "तिकडे सांडेपर्यंत ओतली का प्रेम समजते."

यंदा कंपनीने त्याला दोन वर्षांसाठी तिकडेच पाठवलं, या वेळी मेहुणीसकट. पहिली पळी पुन्हा माझ्याकडे आली. मी "मीठ" म्हणतो, सासरे मान डोलावतात. पण आता खरंच मीठ कमी आहे का, हे नीट चाखून सांगतो.

जाताना तो एक बाटली आणि दोन वाट्या माझ्याकडे ठेवून गेला. गेल्या रविवारी दुपारी मी थर्मामीटर लावून बाटलीला एकशे चार ताप आणला, समोरची वाटी काठोकाठ भरली आणि माझी रिकामी घेऊन बसलो. बायको म्हणाली, "मी ओतू का?" मी नको म्हटलं. तिकडे त्याची वाटी आता मेहुणी भरत असेल. खोटं कशाला बोलू, मला तिचा हेवा वाटला.