टोपीखाली माळ

“विठ्ठल बघून घेईल,” असं बाबा म्हणाले की माझं डोकं फिरायचं. मी अमेरिकेत ॲन आर्बरला कृत्रिम सांध्यांच्या लेपावर संशोधन करते. शरीरात बसवलेला धातूचा सांधा शरीरानं परका मानू नये, त्यावर जंतूंनी ठाण मांडू नये, एवढ्यासाठी वर्षानुवर्षं खपतेय. आणि नागपूरहून मला भेटायला आलेले माझेच वडील बर्फावर घसरले. खुब्यात सांधा बसवावा लागला नि त्यालाच जंतुसंसर्ग झाला. आमचा लेप अजून लॅबमधल्या बशीतच, माणसाला लावायची परवानगी नाही. त्या बश्या बघून मला रडू यायचं. कसला देव नि कसलं काय!

सांधा पुन्हा उघडून धुवायचा होता. उशीर झाला तर जिवावर बेतेल, असं सर्जननं स्पष्ट सांगितलं. आणि ऐन वेळी बाबा अडून बसले. ते माळकरी. पहिल्या वेळी भूल फक्त कमरेखाली होती, म्हणून गळ्यातली तुळशीची माळ राहू दिली होती. आता पूर्ण भूल, घशात नळी, गळा मोकळा हवा. “माळ अंगावेगळी करणार नाही. जायचंच असेल तर माळेसकट जाईन, बेटा.”

“अहो बाबा, लाकडाचे मणी आहेत ते! त्यावर किती जंतू असतात, मला विचारा ना!” मी सगळ्यांदेखत ओरडले. बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ते आठवलं की आजही मला माझीच लाज वाटते.

तेवढ्यात भूल देणारी डॉक्टर आली. वयस्कर अमेरिकन बाई, ना ओळख ना पाळख. तिनं बाबांचा हात हातात घेतला आणि मला म्हणाली, “अंगावर दुसरीकडे कुठे ठेवली तर चालेल का, विचार त्यांना.” मी विचारलं. “कमरेखाली नको,” बाबा पुटपुटले. मी ते इंग्रजीत सांगायच्या आधीच तिनं स्वतःच्या टोपीवर हात ठेवून बाबांकडे बघितलं. इथे?

बाबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. त्यांनी माळ स्वतःच काढून कपाळाला लावली. तिनं ती निर्जंतुक पिशवीत घालून त्यांना ऑपरेशनसाठी घातलेल्या टोपीखाली नीट ठेवली. “आता न्या,” बाबा तिला मराठीतच म्हणाले.

बाहेर बसून मी लेपाचा विचार केला नाही, सर्जनचाही नाही. विठ्ठला, सांभाळ रे, एवढंच म्हणत राहिले. पाय वाचला. भजनाला मांडी घालून बसणं मात्र कायमचं गेलं, आणि ते माझ्या लेपानं वाचलं असतं का, हा प्रश्न मला सोडत नाही. लॅबमध्ये मी अजून तितकीच राबते. हातातलं काम संपतं तिथे आता हात जोडते. ती बाई पुन्हा भेटली नाही, पण तिला त्या दारात कुणी पाठवलं, हे मी बाबांना कधी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

त्या दिवशी शुद्धीवर आल्या आल्या बाबांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. ते म्हणाले, “सकाळपासून काही खाल्लंस का गं?” माफी मागायला तोंड उघडलं, पण हुंदकाच बाहेर आला.