राणीच्या नावाचा उपास

कारंजा लाडच्या स्टँडवर एका अनोळखी माणसानं एसटीच्या खिडकीतून माझ्या शेजारच्या सीटवर रुमालाऐवजी पुस्तक टाकलं. मीच लिहिलेल्या अद्भुतरम्य कादंबरीमालिकेचा तो दुसरा भाग होता.

"रुमाल सरकवून कोनीबी बसते," शेजारी बसत तो म्हणाला, "याले कोनी हात नाही लावत."

समीक्षकांनी या भागाला 'दमदार पुनरागमन' म्हटलं होतं. त्यातले दोघे माझे मित्र. तिसऱ्याच्या कवितासंग्रहाला प्रस्तावना माझी.

"कसं आहे पुस्तक?" मी विचारलं.

त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पयल्या भागात राणी मेली, तवा मी रातच्याले जेवलो नाही. बायको म्हने, कोन गेलं? दुसऱ्यात लेकाच्यानं तिले जित्ती केली. मंग माह्या उपासाचं काय?"

तो लेकाचा मीच, हे माझ्यानं सांगवलं नाही. प्रकाशकाला तिसरा भाग हवा होता, म्हणून राणी उठली. तिसरा भाग माझ्या पिशवीत होता. त्यातला राजपुत्राचा मृत्यू लिहिताना मी खरंच रडलो होतो.

"तिसऱ्यात राजपुत्र मरतो म्हणतात," मी चाचरत म्हणालो.

त्यानं पुस्तक मांडीवर आडवं ठेवलं, त्यावर डबा उघडला आणि भाकर मोडली.

"मरू द्या, येते वापस," तो म्हणाला. "तुमी भाकर घ्या."

मी घेतली.