मॅडमनी दिलेला फोन

"तुमच्या घरात तो बुद्ध गॅसच्या शेजारी का गं ठेवलायस? तेल उडतं की त्याच्यावर. देव तरी माणसानं नीट ठेवावा."

मॅडम हे बोलल्या तेव्हा दवाखान्यात सात-आठ पेशंट बसले होते. मी काउंटरला होते. सोलापुरातला दातांचा दवाखाना, चांगला चालणारा. चिठ्ठ्या करायच्या, फोन घ्यायचे, तारखा द्यायच्या, हे माझं काम. मॅडम म्हणजे तिथल्या डॉक्टरीणबाई. हातमोजे काढत बाहेर आल्या, सगळ्यांसमोर एवढं बोलल्या आणि परत आत गेल्या. बार्शीहून आलेली एक बाई सुजलेल्या गालाला रुमाल लावून बसली होती. ती तशातही हसली.

मीपण हसले. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल. मी हसले आणि म्हणाले, "हलवते मॅडम."

अंगावर काटा आला तो नंतर, चिठ्ठी लिहिताना. मॅडम माझ्या घरी कधी आल्याच नव्हत्या. बुधवार पेठेत माझं घर कुठल्या गल्लीत आहे, हेही त्यांना माहीत नव्हतं. एकच खोली. मी आणि आई. बुद्धाची मूर्ती खरंच गॅसच्या शेजारी होती, कारण दुसरी फळीच नव्हती. पण हे मॅडमना कुणी सांगितलं?

त्या दिवसापासून सुरू झालं. आठवड्याला एक तरी वाक्य यायचं. "नवीन चादर छान आहे गं, पण त्या भिंतीला शोभत नाही." "आई अजून मांडी घालून जेवते? गुडघे बरे आहेत म्हणायचे." एकदा म्हणाल्या, "तुमच्या जयंतीला तुझा भाऊ काय नाचला गं!" माझा मामेभाऊ नाचला होता, खरं होतं. आमच्याच गल्लीत नाचला होता. मॅडम तिथे नव्हत्या. त्यांच्यातलं तिथे कुणीच नव्हतं.

मी घरात भ्यायला लागले. भूत-प्रेत आम्ही मानत नाही, आमच्यात ते शिकवलेलं नाही. तरी भांडी घासताना मान आपोआप मागे वळायची. खिडकीच्या फटीला मी कागद लावला. मूर्ती ट्रंकेवर ठेवली. आई दोरीवर कपडे टाकायची तर मी ओरडायचे, "ते नीट घाल, कसं दिसतंय!" आई म्हणायची, "कुणाला दिसतंय? हितं कोन येतंय?" मी माझ्याच घरात परक्याच्या डोळ्यांनी बघत होते, आणि मला सगळं घाण दिसत होतं. आईसुद्धा.

आता फोनचं सांगते.

मॅडमच्या घरात फोन वरून खाली येतो. सरांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्यानं, नवा घेतला की त्यांचा जुना मॅडमना. मॅडमचा त्यांच्या कॉलेजातल्या मुलीला. मुलीला नको असेल तर मला. मला तो दसऱ्याला मिळाला, सगळ्या स्टाफसमोर, पेढ्याबरोबर. मॅडम म्हणाल्या, "सगळं तसंच राहू दे हं ह्यात, रीसेट केलं की फोन बिघडतो. तू फक्त तुझं सिम घाल." मी वाकून नमस्कार केला. तोही सांगून टाकते.

तोवर माझ्याकडे काच फुटलेला फोन होता. हा गुळगुळीत, मोठा, फोटो असे यायचे की आईच्या सुरकुत्या मोजाव्यात. मी येता-जाता फोटो काढायला लागले. दुसऱ्या वर्षी तो थकला. दुपारपर्यंत चार्जिंग संपायचं, बोलताना कान भाजायचा. मी एकदा म्हणाले, "मॅडम, मी नवा घ्यावा म्हणते, हप्त्यानं." त्या म्हणाल्या, "वेडी आहेस का? तुझं असं काय काम असतं? अजून वर्षभर चालेल की तुला. मग माझा मिळेलच." माझा फोन म्हातारा कधी झाला, हेही त्याच ठरवणार होत्या.

आईला हे नवीन नव्हतं. मोडनिंबजवळच्या आमच्या गावात ती एका मोठ्या घरी राबायची. तिथल्या बाई वर्षाला एक जुनं लुगडं द्यायच्या, पण जरीचा काठ कापून घेऊन. बिनकाठाचं लुगडं नेसलेली बाई दिसली की सगळ्या गावाला कळायचं, हे दिलेलं आहे. आई त्याला दुसरा काठ लावायची नाही. म्हणायची, "लावला तर त्यास्नी राग येतो." मी फोन घरी आणला त्या दिवशी तिनं तो हातात घेऊन उलटासुलटा करून बघितला. "ह्याचं काय कापून घेतलं गं त्यांनी?" असं विचारलं. मी हसले. म्हणाले, "काय नाही आये, अख्खा दिलाय."

मागच्या पावसाळ्यात आईच्या पाठीवर गळू झालं. साधं वाटलं, पण शुगर असल्यामुळे चिघळलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज जखम धुवा, रोज एक फोटो काढा आणि आठ दिवसांनी मला दाखवा, म्हणजे भरतेय की पसरतेय ते कळेल. आई तयार होईना. जन्मभर डोक्यावरचा पदर न सरकलेली बाई ती. माझ्यासमोरही चोळी बदलायची नाही. शेवटी भिंतीकडे तोंड करून बसली, पदर खाली सोडला आणि म्हणाली, "काड. पर डागदरशिवाय कुनाला दावू नगंस."

"नाही दाखवणार."

"आन घी."

मी शपथ घेतली. तिच्या गळ्याला हात लावून.

शेजारच्या शोभाकाकू जखम धुवायला यायच्या. त्यांचा हात हलका. सकाळी मॅडमच्या बंगल्यावर स्वयंपाक करायच्या आणि दुपारी आमच्याकडे. पैसे नाही, काही नाही. आईला माझ्यापेक्षा त्यांचाच हात बरा वाटायचा.

आणि एका सोमवारी मॅडमनी मला आत बोलावलं. खुर्चीवर पेशंट आ वासून पडलेला. मॅडम आरशातून त्याच्या दाढेत बघत होत्या. तशाच बघत म्हणाल्या, "आईच्या पाठीवरचं ते गळू भरत आलं का गं? फार घाण दिसत होतं."

दिसत होतं, म्हणाल्या.

मी ऐकलं तेच, पण समजून घेतलं वेगळं. माझ्या डोक्यात एकच नाव आलं. जखम बघितलेली तीनच माणसं होती. मी, डॉक्टर आणि शोभाकाकू. त्यातल्या मॅडमच्या घरी कोण जात होतं? बुद्ध, चादर, जयंती, सगळं एका झटक्यात जुळलं.

घरी जाऊन मी काकूंच्या दारात उभी राहिले. गल्ली ऐकत होती. मी म्हणाले, "आमचं खाऊन आमचंच उष्टं तिकडं नेता व्हय? आईची पाठ विकली का तुमी बंगल्यावर?"

काकू पीठ मळत होत्या. हात तसेच पिठात राहिले. म्हणाल्या, "माजी जीभ झडंल पोरी. म्या तुज्या आयचं नाव बी न्हाय काडलं तितं."

"मग त्यांना स्वप्न पडलं का?"

काकू पुन्हा पीठ मळायला लागल्या. दुसऱ्या दिवशी जखम धुवायला आल्या नाहीत. आई दिवसभर दाराकडे बघत होती. संध्याकाळी मी पाणी गरम केलं तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. आपसूक बरं हुईल."

ते आपसूक बरं झालं नाही. आणखी चिघळलं, तेव्हा कुठे तिनं मला धुवू दिलं.

दसरा आठ दिवसांवर आला आणि फोन फुगला. खरोखर फुगला, मागचं झाकण उचकटून आलं. मी नवी पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेले. चाळिशीचा माणूस, चष्मा कपाळावर. मी विचारलं, दुरुस्त करू की नवा घेऊ? त्यानं फोन बघितला आणि म्हणाला, "ताई, बॅटरी फुगलीय. हा आता उशाशी ठिवू नका, नवा घ्या. ह्यातले तुमचे फोटो दुसरीकडं उतरवून देतो." मग तो काहीतरी उघडून बघत राहिला. चष्मा खाली घेतला.

"ये अकाउंट किसका है, ताई? तुमारा नै दिसता."

मी मॅडमचं नाव सांगितलं.

"अरे, सब उधर जा रा है." मग मला कळावं म्हणून सावकाश मराठीत म्हणाला, "तुमी ह्यात फोटो काढला की तो त्यांच्या खात्यात जातो. त्यांच्या फोनवर दिसतो. जवापासून फोन घेतलाय तवापासून."

त्यानं फोन माझ्याकडे फिरवला. मी कधीच न उघडलेलं एक ॲप होतं ते. त्यात मॅडमचं महाबळेश्वर होतं. त्यांच्या मुलीचा वाढदिवस होता. आणि त्यांच्या मधेमधे, त्याच रांगेत, आमची भिंत. आमचा गॅस. मांडी घालून जेवणारी, तोंड वासलेली माझी आई. एक अल्बमही केलेला होता, मॅडमच्या मुलीनं, सगळ्या घरासाठी. नाव दिलं होतं 'गंमत'. त्यात मामेभाऊ नाचत होता. बुद्धाशेजारी गॅस होता. आणि खाली, शेवटी, माझ्या आईची उघडी पाठ.

दुरुस्तीवाल्यानं मान दुसरीकडे वळवली. मला पाणी दिलं. मी दुकानाच्या पायरीवर बसले. लुगडं देताना बाईंनी निदान काठ तरी कापून घेतला होता. ह्यांनी दोर तसाच बांधलेला ठेवला होता, आणि मी दोन वर्षं त्याच्या टोकाला माझं घर बांधत होते. पण माझ्या छातीत जे दुखत होतं ते वेगळंच होतं. मला पिठातले हात दिसत होते. मॅडमवर माझा संशय एकदाही गेला नव्हता. संशय घ्यायला मला माझंच माणूस सापडलं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दवाखान्यात पेढे आले. मॅडमनी मला बोलावलं. हातात खोका. "घे. माझा. एक ओरखडासुद्धा नाही."

मी हात मागे बांधले. दवाखान्यात मी नेहमी शुद्ध बोलते, त्यासाठीच मला काउंटरला बसवलं होतं. त्या दिवशी माझं गाव तोंडात आलं.

"नगं मला. आदी तुमचा फोन उगडा. 'गंमत' काडा."

पेशंट बघायला लागले. मॅडमचा चेहरा उतरला, मग लगेच सावरला. "अगं, आत ये, आत बोलू."

"मला हितंच बोलायचंय. बुद्धाचं तुमी हितंच बोल्ला व्हता."

"आम्ही काय मुद्दाम केलं का? आपोआप येतात ते."

"तुमास्नी कवापासनं ठावं हाय?"

"पहिल्या आठवड्यापासून. सांगणारच होते, राहून गेलं. एवढं काय त्यात? आणि फोन आमचाच होता ना?"

"फोन तुमचा व्हता. पाठ माज्या आयची हाय."

कुणी हसलं नाही. मॅडमनी फोन उघडला. मी शेजारी उभी राहून आमचा एकेक फोटो काढून टाकायला लावला. पाठीचा आला तेव्हा मी स्क्रीनवर हात धरला, कुणाला दिसू नये म्हणून. काढून झाल्यावर त्या म्हणाल्या, "झालं समाधान?" मी म्हणाले, "फोनच्या कचऱ्यातनंबी काडा. महिनाभर तितं ऱ्हातंय." हे मला दुरुस्तीवाल्यानं सांगितलं होतं. त्यांनी तेही काढलं. खोका टेबलावर तसाच राहिला.

पण मुलीनं तो फोटो आणखी कुणाला पाठवला असेल, हे मी कसं शोधणार? कुठल्या पोरीच्या, कुठल्या पोराच्या फोनमध्ये तो असेल. रस्त्यात कुणी फोनकडे बघून हसलं की माझा पाय आजही अडतो.

काकूंकडे गेले. पाया पडले. त्यांनी उठवलं नाही, ढकललंही नाही. म्हणाल्या, "मला इचारलं असतंस तर? नुसतं इचारायचं व्हतं." जखम धुवायला त्या परत आल्या नाहीत. मला बघितलं की त्या अजूनही आधी हात पदराला पुसतात.

आईला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण तिनंच विचारलं, "कुनी बगितली व्हय माजी पाठ?" खोटं बोलायला शब्द तयार होते. मी म्हणाले, "व्हय आये." ती भिंतीकडे वळली आणि पदर ओढून घेतला. पाठीवरून, खांद्यावरून, घट्ट. जखम आता भरली आहे, तरी झोपेतही तो पदर तिच्या मुठीत असतो. मी रोज बघते.

नोकरी मी सोडली नाही. मॅडमना वाटलं होतं, सोडेन. रोज नऊला काउंटरला बसते. कुणी विचारलं, तर काय झालं होतं ते सांगते. पेशंटांसमोर.

फुगलेला फोन दुरुस्तीवाल्याकडून पुसून घेतला, आणि माझ्यासमोरच मोडायला लावला. सध्या माझ्याकडे बटणांचा साधा फोन आहे. दवाखान्यातल्या पोरी म्हणतात, किती दिवस हा डबा वापरणार, नवा घे की. घेईन. बंद खोक्यातला घेईन, सील मी फोडेन, पहिलं बोट माझं लागेल, आणि तो जुना कधी झाला ते मी ठरवीन. तोवर आईची जखम उघडली तर फोटो नाही. तिला हाताला धरून, रिक्षात घालून, दवाखान्याचे सगळे जिने चढवून नेईन.

कुणाच्या अंगावरून, कुणाच्या हातातून उतरलेलं काहीही आता आमच्या दारातून आत येणार नाही. लुगडं नाही. फोन नाही. नजर तर नाहीच.