वरून वाढलेलं पान

आमच्या घरात एक मोठा माणूस होऊन गेला, हे मला लग्न ठरतानाच सांगण्यात आलं होतं. हा मोठा माणूस म्हणजे माझ्या सासऱ्यांचे आजोबा. इंग्रजांच्या काळात मोजणीवाल्या साहेबांबरोबर साखळी ओढायला म्हणून ते गेले आणि पुढे स्वतःच्या हिमतीवर रानोमाळ हिंडून जुन्या जागा शोधत राहिले. नागपूरच्या आसपास माळावर दगडांची मोठी वर्तुळं आहेत, त्यांच्या पोटात फार जुन्या काळची माणसं पुरलेली आहेत, हे ज्या थोड्या लोकांनी आधी उकरून पाहिलं त्यांत हे एक. लोखंडाच्या कुऱ्हाडी, घोड्याचे लगाम, मडकी असं बरंच काही त्यांनी काढलं आणि ते सगळं साहेब लोकांनी नेलं. घरात उरली ती कीर्ती. ती माझे सासरे देवाच्या भांड्यांसारखी घासून लख्ख ठेवत.

आम्ही धंतोलीत राहत होतो. साठ सालानंतरची चारदोन वर्षं असतील. नवरा सदरमधल्या एका ऑफिसात होता, सकाळी सायकलवर जाणार आणि दिवेलागणीला येणार. या हकिकतीत तो फारसा नाही, कारण मी त्याला काही सांगितलंच नाही. माझी मुलगी पाच वर्षांची होती आणि नुकती शाळेत जायला लागली होती.

भादव्यात एक प्राध्यापक आमच्याकडे यायला लागले. त्यांना या आजोबांचं चरित्र लिहायचं होतं. माणूस सज्जन, आवाज हळू, पण एकदा एखाद्या मुद्द्याला चिकटला की गोचिडासारखा सुटायचा नाही. आजोबांबद्दल तीन गोष्टींचा वाद होता. जन्म नागपूरचा की पारशिवनीचा, ते बस्तरपर्यंत खरोखर पोचले होते का, आणि त्यांचा शेवट कसा झाला.

जन्माचा वाद सासऱ्यांनी एका बैठकीत मिटवला. "आमच्या घरच्या हरेक पोराचं जावळ पारशिवनीले निघते," ते म्हणाले, "माही नातही तिथंच बोडकी झाली. नागपुरात जन्मलेल्या माणसाचं कुळ तिथं कायले जाईन?" प्राध्यापकांनी हसून ते मान्य केलं. बस्तरवर मात्र दोघं बराच वेळ भांडले आणि ते भांडण अखेरपर्यंत तसंच राहिलं.

शेवटाबद्दल घरात एकच गोष्ट होती. पेंचच्या जंगलात त्यांना वाघानं नेलं. सासरे ती इतक्या तब्येतीत सांगायचे की दर खेपेस वाघ थोडा मोठा व्हायचा. प्राध्यापकांनी ऐकून घेतलं आणि मग खाली बघत म्हणाले, "पारशिवनीकडच्या एका म्हाताऱ्यानं मला वेगळंच सांगितलं. शेवटची वर्षं ते गावाबाहेर नदीकाठी झोपडीत काढत होते म्हणे. लोक लांबूनच अन्न द्यायचे."

"लांबून काहून?"

"महारोग झाला होता असं तो म्हणाला. मेलेल्यांची हाडं उकरली, त्याचं फळ मिळालं, असं गावात मानतात."

मी आतल्या उंबऱ्याशी गवारीच्या शेंगा मोडत बसले होते. सासऱ्यांचा आवाज चढला, ते काय काय बोलले ते मला आठवत नाही. "वाघच लिहा, नाही तं लिहू नका," एवढं शेवटचं आठवतं. माझ्या मांडीवरचं सूप कधी कलंडलं ते मला कळलं नाही. आठवड्यापूर्वी मुलीला न्हाऊ घालताना तिच्या पाठीवर, खवाट्यापाशी मला एक फिकट चट्टा दिसला होता.

सासूबाईंना मी दाखवला होता. "जंत झाले असतीन, ओवा दे," म्हणून त्यांनी विषय संपवला होता आणि मीही ओवा देऊन निवांत झाले होते. आता मात्र मला त्या ओव्यावर विसंबता येईना. मी वर्ध्याकडची. आमच्या बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला चिंध्या गुंडाळलेले हात पुढे करून बसलेली माणसं असायची आणि आई माझं मनगट दुखेपर्यंत आवळून पलीकडच्या बाजूनं जायची. आमच्या गल्लीतल्या एका बाईला रगतपिती, म्हणजे हाच महारोग, झाल्याचं कळलं, तेव्हा नवऱ्यानं तिचं गाठोडं बांधून दारात ठेवलं होतं. तिची पोरं खिडकीत उभी होती. तिनं त्यांना हाक मारली नाही. ती बाई कुठे गेली हे पुढे कुणी विचारलंही नाही. हे सगळं मी पाहिलेलं होतं, त्यामुळे मला वेगळं काही कल्पायची गरजच नव्हती.

त्या दिवसापासून न्हाणीघरात मी मुलीशी एक खेळ सुरू केला. डोळे मिटायचे आणि चिमटा कुठे काढला ते सांगायचं. हातावर, पायावर, मानेवर ती हसत हसत बरोबर सांगायची. चट्ट्यावर काढला की कधी सांगायची, कधी म्हणायची, "काढलाच नाही तू." मग मी जोरात काढायची. एकदा तिच्या पाठीवर वळ उठला तरी ती पाण्याशी खेळत होती. मी तिला तशीच ओली छातीशी धरलं आणि रडणं ऐकू जाऊ नये म्हणून बादलीत पाणी सोडलं. खरं सांगते, मला त्या प्राध्यापकाचा राग आला होता. तो आला नसता तर माझ्या दृष्टीनं तो चट्टा जंतांचाच राहिला असता.

तेवढ्यात शाळेत महारोग तपासणीची माणसं येणार असल्याचं शेजारणीनं सांगितलं. मुलांना रांगेत उभं करून पाठी बघतात म्हणे. मी मुलीला ताप आल्याचं सांगून घरी ठेवलं. भादव्याच्या उन्हात तिला लांब बाह्यांचं, गळाबंद झबलं घातलं. सासूबाई म्हणाल्या, "पोरीले उकडून राहिलं वं, काहून कोंबून ठेवतं तिले?" मी म्हटलं, डास चावतात.

रात्रंदिवस माझ्या डोक्यात एकच हिशेब चालायचा. वाघानं नेलं असेल तर माझी मुलगी वाचली. महारोग असेल तर तो या घराच्या रक्तात आहे आणि तो तिच्यापर्यंत आला. तेव्हा आम्ही सगळे असंच समजत होतो. एका मेलेल्या माणसाच्या चरित्रातली एक ओळ माझ्या मुलीचं नशीब ठरवणार होती, आणि ती ओळ खरी कुठली हे मला कुणाला विचारताही येत नव्हतं.

मग पितृपक्ष लागला. स्वयंपाक करता करता माझ्या लक्षात आलं की उत्तर घरातच असणार. अपघातानं, जनावरानं मेलेल्या माणसाला चतुर्दशीला जेवू घालतात. घर सोडून संन्यास घेतलेल्याला द्वादशीला. माणूस कसा मेला ते बाकी सगळे विसरतील, त्याची तिथी घरातली बाई विसरत नाही. मी सासूबाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं, "आत्याबाई, वाघवाल्या आजोबांचं पान चतुर्दशीला ना?"

"नाही वं," त्या कोहळं चिरत म्हणाल्या. "त्याइचं अमावस्येलेच. आन् ते घरात नाही वाढत. मागच्या भिंतीपल्याड ठेवतो आपण."

लग्नानंतरच्या पितृपक्षांत मी कधी बाळंतपणाला माहेरी, कधी शिवायची नाही म्हणून बाजूला बसलेली. हे पान मी कधी पाहिलं नव्हतं. या अमावस्येला सासूबाईंचे गुडघे धरले होते, म्हणून त्यांनी ते काम मला सांगितलं. मी खीर, कढी, वडे, गवार, कोहळ्याची भाजी सगळं ताटलीत घेऊन मागच्या दारानं भिंतीपलीकडे गेले, जमिनीवर पळसाची पत्रावळ मांडली आणि वाढायला खाली वाकले.

"वाकू नको," सासूबाई दारातून म्हणाल्या. "उभ्यानं वाढ. वरून सोड. पत्रावळीले हात लावू नको, आन् वाढून झालं की मागं सरून ये."

"असं काहून?"

"माह्या सासूनं सांगितलं तसं करून राहिली मी. काहून ते तिनं नाही सांगितलं, मी नाही विचारलं."

मी वरून वडा सोडला. तो पत्रावळीवर पडून बाजूच्या मातीत घरंगळला. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आमच्या बाजारातली माणसं आली आणि त्यांच्या थाळीत असंच वरून पडणारं अन्न आलं. वाघानं नेलेल्या माणसाला असं कुणी वाढत नाही. नदीकाठच्या झोपडीतल्या माणसाला त्याच्या घरच्या बायकांनी जसं वाढलं, तसंच तो मेल्यावरही त्या वाढत राहिल्या होत्या, सुनेमागून सून, आणि आता माझा हात तेच करत होता. मी ताटली तिथेच टाकली, घरात गेले, ओसरीवर खेळणाऱ्या मुलीला उचललं आणि सासऱ्यांपुढे उभं करून तिच्या झबल्याची बटणं सोडली.

"मामाजी, वाघ होता का महारोग होता ते मला आज सांगा," मी म्हटलं. सासऱ्यांशी असं बोलायची पद्धत आमच्या घरात नव्हती.

ते चट्ट्याकडे बघत राहिले. मग खाटेवर बसले. "मी पाह्यलं हाय त्याइले," ते म्हणाले. "लहान होतो मी. बाप डबा घेऊन जाये नदीवर, एक दिवस मी मागं मागं गेलो. आजानं मले पाहून तोंड फिरवलं. त्याइच्या हाताले बोटं नव्हती." नातीच्या झबल्याची बटणं लावत म्हणाले, "मंग बापानं सांगितलं, कोणी विचारलं तं वाघ म्हण."

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनाही हे तेव्हाच कळलं.

दुसऱ्या दिवशी सासरे माझ्याबरोबर सरकारी दवाखान्यात आले. रांग मोठी होती. रिक्षावाल्याला त्यांनी दवाखान्याच्या अलीकडच्या चौकातच थांबवलं होतं, कुणी ओळखीचं बघू नये म्हणून. डॉक्टरीण तरुण होती. तिनं मुलीला डोळे मिटायला सांगितलं आणि कापसाचा धागा तिच्या पाठीवर इथे तिथे टेकवला. "लागलं की बोट ठेव हं." मुलीला वाटलं, हा आमचाच खेळ. खांद्यावर तिनं बोट ठेवलं, कमरेवर ठेवलं. चट्ट्यावर कापूस फिरला आणि तिचा हात जागचा हलला नाही. ती हसतमुखानं, डोळे मिटून, पुढच्या स्पर्शाची वाट बघत उभी होती.

"घरात आधी कुणाला होता?" डॉक्टरणीनं विचारलं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं.

"माह्या आजाले होता," सासरे मागून म्हणाले. आवाज त्यांचा मुळातच मोठा. बाकावरच्या लोकांनी माना वळवल्या. दोघं-तिघं सरकून बसले, म्हणजे तिथे, त्या दवाखान्यातसुद्धा.

डॉक्टरीण म्हणाली, "आजोबा, तुमच्या आजोबांचा हिच्याशी काही संबंध नाही. हा रोग रक्तातून येत नाही. हिला कुठून तरी गेल्या दोन-चार वर्षांत लागला असणार. साधा प्रकार आहे, लवकर आणलीत. गोळ्या दोनेक वर्षं चुकवू नका, हात-पाय काही होणार नाही. हिच्यापासून दुसऱ्याला भीतीही नाही." सासऱ्यांनी तिच्याकडून ते दोनदा वदवून घेतलं. घरी येताना ते रिक्षात म्हणाले, "रक्तातून येत नाही. मंग आजाले पल्याड कायले ठेवलं आमी?" मी मुलीचा तळहात उघडून एकेक बोट मोजत होते.

दिवाळी झाल्यावर सासऱ्यांनी प्राध्यापकांना स्वतः बोलावून घेतलं. मला धडकी भरली होती, पण त्यांना अडवायचं धाडस झालं नाही. त्यांनी सगळं सांगितलं: झोपडी, डबा, बोटं, भिंतीपलीकडचं पान. "आता लिहा," ते म्हणाले. "वाघ खोटा होता." प्राध्यापक भराभर लिहून घेत होते. वाद मिटला होता, आणि मिटवणारा खुद्द नातू होता, चरित्रकाराला यापरतं काय हवं? मग लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "आणि पुढच्या पिढ्यांत कुणाला?"

सासऱ्यांनी आतल्या दाराकडे बघितलं. नेमकी तेव्हाच मुलगी दोन्ही हातांनी चहाची कपबशी धरून बाहेर गेली. कप सांडू न देता नेता येतो याचा तिला नुकताच अभिमान वाटायला लागला होता. प्राध्यापकांनी तिच्याकडे बघितलं, तिच्या लांब बाह्यांकडे बघितलं. त्यांनी कपाला हात लावला नाही. "आत्ताच घेऊन आलो," म्हणत ते उठले, चपला घालताना भिंतीचाही आधार घेतला नाही, आणि गेले. मुलगी कपबशी धरून उभीच होती. "आजोबा, हे घ्या नं," ती म्हणाली. सासऱ्यांनी तो चहा घेतला. ते रडत होते, हे मी त्या घरात पहिल्यांदा आणि शेवटचं पाहिलं.

पुस्तक पुढे निघालं. त्यात जन्म पारशिवनीचा आहे, बस्तरवर पानंच्या पानं आहेत, आणि शेवटाविषयी एवढंच, की निश्चित माहिती मिळत नाही. प्राध्यापकांचा मला फार दिवस राग होता. मग तोही सरला, कारण ते उठून गेले त्याच संध्याकाळी मी मुलीला जवळ घेऊन शिकवलं होतं, की या पांढऱ्या गोळ्या शक्तीच्या आहेत, कुणी विचारलं तर तसंच सांगायचं.

ती शहाणी मुलगी, तिनं तसंच सांगितलं आणि पुढे तिला स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं. चट्टा गेला. आज ती तिच्या घरी सुखात आहे, पोरींच्या वेण्या घालते. मागे ती आली तेव्हा सहज म्हणाली, "लहानपणी मी किती अशक्त होते नाही, आई? केवढ्या गोळ्या द्यायचीस तू मला." मी हो म्हटलं. डॉक्टरीण काय म्हणाली ते मला पाठ आहे, आणि तरीही ती आली की माझी नजर आधी तिच्या बोटांवर जाते. तिचे सासरचे लोक चांगले आहेत. पण ते वाचतात. म्हणून मी या लिखाणात कुणाचंच नाव घातलेलं नाही.