टिकटिक आणि आईचं लाटणं

थांबा, हातातलं सगळं खाली ठेवा, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय! हात अजून काळे आहेत, मोबाईलची स्क्रीन त्याहून काळी झालीय, आई ओरडतेय की आधी साबण लाव. नाही. आधी हे.

तर आमची गाडी. मी पाचवीत असताना आली. लाल होती, आता टपावर उन्हाने गुलाबी झालीय. हिच्यावरच मी गेल्या वर्षी ड्रायव्हिंग शिकले, दिंडोशीच्या चढावर हँडब्रेक ओढून रडले, सगळं हिच्यातच. आणि बाबांनी कबूल केलं होतं की या मे महिन्यात गावाला जाताना घाट मी चालवायचा. पूर्ण घाट. ते बाजूच्या सीटवर, गप्प.

आणि मार्चमध्ये इंजिनातून टिकटिक सुरू झाली. आत बसून कोणीतरी बॉलपेनचं बटण दाबतंय असं. सिग्नलला थांबलो की जोरात. बाबा म्हणाले, "टॅपेट." टॅपेट म्हणजे इंजिनाच्या डोक्यात व्हॉल्व्हना ढकलणारे छोटे तुकडे, झिजले की वाजतात.

गेल्या आठवड्यात हायवेजवळच्या गॅरेजवाल्या काकांकडे नेली. त्यांच्याकडे गाड्यांची ही रांग. त्यांनी चालू गाडीला अर्धा मिनिट कान दिला आणि म्हणाले, "टॅपेटच. इंजिन खोलायला लागेल. जुनी झाली साहेब, काढून टाका."

झालं! बाबांना फक्त 'काढून टाका' एवढंच ऐकू आलं. घरी येईपर्यंत फोनवर ठरलंसुद्धा. रविवारी अकरा वाजता एक माणूस बघायला येणार, पसंत पडली तर घेऊनच जाणार. रविवार म्हणजे उद्या!

"आणि माझा घाट?" मी विचारलं.

"ट्रेनने जाऊ. बोगदे मोजत बस."

असं बोलल्यावर मी शांत बसणार होते का? आज सकाळी किल्ली घेतली आणि सरळ खाली. बॉनेट उघडलं. ऑईलची पट्टी काढून पुसून परत घालून बघितली, ऑईल बरोबर दोन खुणांच्या मध्ये. म्हणजे ऑईल कमी म्हणून वाजत नाहीये. गाडी सुरू केली.

आवाजच नाही!

मी येडी होऊन उभी. दहा मिनिटं गेली, इंजिन तापलं आणि हळूच... टिक टिक टिक टिक. आता मी जे वाचलं होतं त्याप्रमाणे टॅपेट थंड इंजिनाला जास्त वाजायला पाहिजे. हे उलटं कसं? मग रेस दिली. इंजिन किंचाळलं, टिकटिक मात्र आपली त्याच चालीत. अजून रेस दिली, तरी तेच. अरे, इंजिनाच्या आतलं काही असतं तर इंजिनाबरोबर पळालं नसतं का?

खात्री पाहिजे होती. मेकॅनिक लोक लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनाला टेकवून दुसरं टोक कानाला लावतात ना, तसं करायचं होतं. आमच्या घरातला स्क्रू ड्रायव्हर बोटाएवढा. म्हणून धावत वर गेले आणि लाटणं आणलं.

वॉचमन काका खुर्ची फिरवून बसले. "ताई, पोळी इंजिनावर भाजणार काय?"

"काका, गप्प बसा ना, ऐकतेय."

एवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून आई. चिडली की ती डायरेक्ट मालवणीत जाते. "माजां लाटणां खंय गेलां गो?"

अख्ख्या बिल्डिंगने वाकून बघितलं. मी कानाला लाटणं लावून उभी. पण ऐका, इंजिनाच्या डोक्यावर नुसती घुर्र घुर्र. एकसारखी, छान. टिकटिक आतून येतच नव्हती!

वर जाऊन जेवले. (आईने पोळ्या स्टीलच्या ग्लासने लाटल्या होत्या, मुद्दाम, नकाशे आले होते.) इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं आणि दुपारी परत खाली. गाडी सुरू. शांत. उकडत होतं म्हणून, खरंच फक्त उकडत होतं म्हणून, एसी लावला.

टिक टिक टिक टिक!

एसी बंद. शांत. एसी चालू. टिकटिक. मी तिथेच ओरडले. एसी लावला की काय फिरतं? रेडिएटरचा पंखा! इंजिन तापल्यावर आपोआप काय फिरतं? तोच पंखा!

गाडी बंद केली, किल्ली काढून खिशात टाकली, कारण तो पंखा कधीही फिरू शकतो आणि बोटं मला घाटासाठी पाहिजेत. मोबाईलचा टॉर्च मारला. पंख्याच्या चौकटीला एक काळी तार, नीट वळवून वळवून बांधलेली. तारेला सुकून दगड झालेलं लिंबू, एक बिब्बा, आणि मिरच्यांची नुसती देठं. तार सैल होऊन लोंबत होती आणि पंख्याचं प्रत्येक पातं त्या लिंबाला टपली मारून जात होतं.

पक्कड आणली. कट. गाडी सुरू, एसी फुल्ल. पंखा फिरतोय आणि फक्त हवेचा आवाज. झकास! मी वॉचमन काकांना टाळी दिली.

वर गेले आणि ती तार आईसमोर नाचवली. "तू बांधलंस ना?"

"मी? मी लपवून कशाला बांधू? मी पुढे टांगलं असतं, सगळ्यांना दिसेल असं."

मग? घरात उरले बाबा. आमचे बाबा, ज्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये गेटवरच्या लिंबू-मिरचीवरून अर्धा तास भाषण दिलं होतं. त्यांचा पेपर हळूहळू वर गेला, चेहरा झाकेपर्यंत. कान मात्र बाहेर होते. लाल.

"बाबा?"

"तुझं लायसन्स आलं त्या दिवशी," पेपर बोलला. "सिग्नलला एक बाई विकत होती. तू दुसऱ्या दिवशी एकटी मुलुंडला जाणार होतीस. ट्रक असतात त्या रस्त्याला."

आई म्हणाली, "आणि गेटवरचं लिंबू कापून फेकलंत ते?"

"ते वेगळं."

आम्ही दोघी इतक्या हसलो की मला उचकी लागली. मग बाबा पेपर ठेवून खाली आले. एसी लावायला सांगितला. पंख्यासमोर वाकून पाच मिनिटं ऐकलं. खिशातून फोन काढला आणि त्या उद्याच्या माणसाला म्हणाले, "नका येऊ हो. गाडी विकायची नाहीये. काय? नाही, गॅरेजमध्ये नाही. मुलीने केली."

मुलीने केली!! मी हे चार वेळा मनात म्हणून बघितलंय.

आत्ता ते खाली गाडी धुतायत आणि येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून लाटण्याची गोष्ट सांगतायत. लिंबाची नाही, फक्त लाटण्याची. लिंबू मी कचऱ्यात टाकलं. बिब्बा मात्र पुसून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलाय, घाटासाठी. बाबांना सांगितलेलं नाही.

तुमच्या गाडीत निघालंय का कधी असं काही? आणि बांधणाऱ्याने कबूल केलं का हो?