बरोबरी झाल्यास हुकूम

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी दुपारी चारच्या सुमारास, झाशीतल्या आमच्या घरी, पोकरच्या एका डावात नवरा-बायकोची बरोबरी झाली. डावावर नेहमीप्रमाणे शर्टाची बटणं लावलेली होती. त्या एका डावापुरती आणखी एक गोष्ट लागली होती: निवृत्तीनंतर दोघांनी राहायचं कुठं.

खेळणारे चौघे. मी, माझी पत्नी, माझा मित्र आणि त्याची बायको. मित्र मूळचा नाशिकचा, इथल्या एका सरकारी कारखान्यात एकतीस वर्षं इंजिनिअर. वहिनी झाशीच्याच, लक्ष्मी गेटजवळच्या जुन्या मराठी घरातल्या. तिथं त्यांची म्हातारी आई एकटी राहते. जानेवारीअखेर तो निवृत्त झाला होता आणि वसाहतीतलं क्वार्टर मेअखेर सोडायचं होतं. नाशिकला त्याच्या भावाचा फ्लॅट रिकामा होता, त्याला तिथं जायचं होतं. वहिनींना आईला सोडून जायचं नव्हतं. वर्षभर हा वाद दर रविवारी चहाबरोबर आमच्याकडे येत होता.

"मग एकदाचं खेळूनच ठरवा की," माझी पत्नी म्हणाली. तिनं ते चेष्टेत म्हटलं होतं.

"ठरलं," मित्र म्हणाला आणि पुढ्यातली सगळी बटणं त्यानं मध्ये सरकवली. "नंतर रडायचं नाही."

"मी कधी रडले? नाशिक म्हटलं की डोळे तुमचे भरतात," वहिनी म्हणाल्या. त्यांनीही सगळी बटणं सरकवली.

आम्ही दोघांनी पानं टाकून दिली. मध्ये पाच सामाईक पानं उघडी होती: दोन राजे, दश्शी, सत्ती, तिर्री. हातातली दोन आणि ही पाच मिळून सर्वात वरची पाच धरायची. मित्राकडे बदामाचा एक्का आणि चौकी निघाली. वहिनींकडे इस्पिकचा एक्का आणि दुर्री. म्हणजे दोघांचीही पाच पानं राजा, राजा, एक्का, दश्शी, सत्ती. फरक फक्त एक्क्याच्या रंगाचा.

आमच्या पत्त्यांच्या डब्याच्या झाकणावर, आतल्या बाजूला, घरचे नियम लिहिलेले आहेत. अक्षर माझं; पेशानं मी मराठी पुस्तकांचा संपादक. सहा वर्षांपूर्वी अशाच एका वादानंतर मी ते लिहिले. चौथा नियम तीन शब्दांचा आहे: "बरोबरी झाल्यास हुकूम."

वहिनींनी झाकण उलटं करून त्याच्यासमोर ठेवलं. "हुकूम. हा घ्या, हुकुम का इक्का."

"हे इस्पिक आहे," तो म्हणाला. "हुकूम म्हणजे तुरूप. मेंढीकोटात हुकूम बोलतात. इथं कोण बोललं? पोकरात हुकूम नसतोच, म्हणजे नियमच बाद."

"झाशीत इस्पिकलाच हुकूम म्हणतात. एकतीस वर्षं राहिलात ना इथं?"

"ते हिंदीत. झाकणावर मराठी लिहिलंय."

"दिवाळीत बरोबरी झाली तेव्हा इस्पिकची राणी दाखवून तुम्हीच नाही का सगळं उचललंत?"

"तेव्हा बटणं होती."

पत्नी चहाचे कप उचलायला लागली. दोन कप अजून भरलेले होते.

मग वहिनी माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, लिहिलंय तुम्ही. लिहिताना तुमच्या मनात काय होतं तेवढंच सांगा."

"हो, संपादकसाहेब," मित्र म्हणाला, "सांगा. मराठीत सांगा."

मी झाशीतच वाढलो. आमच्या घरात इस्पिकला हुकूमच म्हणत. तो नियम लिहिताना माझ्या मनात इस्पिक होतं, आणि सहा वर्षं आम्ही चौघे तसंच खेळत आलो होतो. हे मी त्या दुपारी सांगितलं नाही. मी मोबाइल काढला, पोकरचे छापील नियम शोधले आणि वाचून दाखवले: रंगानं बरोबरी सुटत नाही; डाव निम्मा-निम्मा वाटून घ्यावा. वाचलेला मजकूर अचूक होता.

"निम्मा-निम्मा," मित्र हसला. "म्हणजे मी नाशिकला आणि ही इथं."

"चालेल," वहिनी म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत. बटणं मोजून दोन ढीग करायला त्यांना पाचेक मिनिटं लागली. एक बटण जास्त झालं, ते त्यांनी माझ्यासमोर ठेवलं.

पुढच्या रविवारी दोघं आली नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मार्चच्या मध्यावर तो "घर लावून येतो" म्हणून नाशिकला गेला. एप्रिलमध्ये मी फोन केला तेव्हा तिथल्या पाण्याबद्दल आणि भावाच्या गुडघ्यांबद्दल बोलला. कधी येतोस, असं मी विचारलं. "तिला विचार, कधी निघते," तो म्हणाला. वहिनींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "डाव तुम्हीच वाटलात ना, भाऊजी?" त्यानंतर मी दोघांनाही विचारलं नाही. त्यांच्यात बोलणं होतं की नाही, हे मला माहीत नाही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात क्वार्टर परत करायचा दिवस आला. वहिनींनी मला वसाहतीच्या ऑफिसात बोलावलं. दोन साक्षीदार लागत होते. एक शेजारी होते, दुसरा मी. सामान आदल्या दिवशी दोन टेम्पोंतून गेलं होतं. एक लक्ष्मी गेटला आणि एक ट्रान्सपोर्टच्या गोदामात, नाशिकसाठी. फॉर्म मित्राच्या सहीनिशी कुरियरनं आला होता. पुढच्या पत्त्याच्या रकान्यात त्याच्या अक्षरात नाशिकचा पत्ता होता. कुटुंबासाठी वेगळा रकाना नव्हता.

"मॅडम भी वहीं जा रही हैं ना?" क्लार्कनं विचारलं.

"आप चाबी गिन लीजिए, भैया," वहिनी म्हणाल्या.

चाव्या पाच होत्या. क्लार्कनं त्या मोजल्या आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला. मी साक्षीदाराच्या जागी सही केली.